माशाचं यकृत आणि पाण्यातलं प्रदूषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला की दोन-तीन दिवस माझा फोन थांबत नाही. मासे कशाने मेले, बाजारातला मासा आणायचा की नाही, पाण्याचा नमुना कुठे द्यायचा, असे प्रश्न येत राहतात. माशांच्या यकृताच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून लोक मला विचारतात. मेलेल्या माशाबद्दल सगळेच विचारतात. पण त्याच पाण्यात राहून न मेलेला, जाळ्यात सापडून तराजूत पडलेला जो मासा असतो, त्याच्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. मला जास्त काळजी त्याची वाटते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं म्हणून इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

माशाला यकृत असतं? आम्ही मासा साफ करतो, पण कधी लक्षात आलं नाही.

असतं, आणि तुमचा हातही त्याला लागलेला असतो. मासा चिरताना पित्त फुटू नये म्हणून आपण जपतो, कारण ते फुटलं की सगळी तुकडी कडू होते. ती हिरवट पिशवी यकृतालाच चिकटलेली असते. रोहू, कटला, मृगळ या माशांत यकृताला बकऱ्याच्या काळजासारखा ठसठशीत आकार नसतो. ते आतड्याच्या वेटोळ्यांमधून पसरलेलं असतं आणि स्वादुपिंडाच्या पेशीही त्यातच मिसळलेल्या असतात. त्यामुळे ते वेगळं ओळखू येत नाही आणि आतड्याबरोबर टाकून दिलं जातं. मुशीत मात्र ते न दिसणं अशक्य. पोटाची बरीचशी जागा तेच व्यापतं आणि तेलाने गच्च भरलेलं असतं.

यकृताचा बहुतांश भाग एकाच प्रकारच्या पेशींचा असतो. मराठीत त्यांना सरळ यकृतपेशी म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी यकृतपेशी बहुकोनी दिसते, मध्ये गोल ठळक केंद्रक, आणि पेशींच्या रांगांमधून रक्ताच्या बारीक वाटा गेलेल्या.

प्रदूषण बघायला यकृतच का? कल्ल्यांना आधी पाणी लागतं ना?

बरोबर, पहिला मार कल्ल्यांनाच बसतो. आम्लधर्मी पाणी, अमोनिया, तांबं, गाळ यांचा परिणाम कल्ल्यांवर तासाभरातही दिसू शकतो. यकृताचं काम वेगळं आहे. माशाने खाल्लेलं सगळं आतड्यातून शोषलं गेलं की एका खास शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग शरीरभर जातं. कल्ल्यांतून रक्तात शिरलेली रसायनंही फिरत फिरत तिथेच पोचतात. त्यातलं काय वापरायचं, काय साठवायचं आणि काय पित्तातून बाहेर टाकायचं, याचा निवाडा यकृतपेशी करतात. ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा त्यांच्याकडे असतो, चरबीची ने-आण त्या करतात, रक्तातली बहुतेक प्रथिनं त्या बनवतात. अंड्यात जो पिवळा बलक भरला जातो, त्याचा कच्चा मालही मादीच्या यकृतातच तयार होतो.

म्हणून पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो, आणि यकृत गेल्या कित्येक महिन्यांचं सांगतं. कारखान्याने रात्री सोडलेलं पाणी सकाळी वाहून गेलेलं असेल, बाटलीत काही सापडणार नाही. माशाच्या यकृतात मात्र त्याची खूण राहिलेली असते.

विष आल्यावर पेशीच्या आत नेमकं काय होतं?

विषागणिक गोष्ट वेगळी. पण एक उदाहरण नीट समजून घेतलं की बाकीचं समजायला सोपं जातं, म्हणून ते सविस्तर सांगते.

कोळसा, डिझेल, डांबर, लाकूड अर्धवट जळलं की बेंझोपायरिन नावाचं रसायन तयार होतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटून बसतं. गाळातले किडे ते खातात आणि तळाशी चरणारा मासा ते किडे खातो. यकृतपेशीत एक ग्राही प्रथिन (रिसेप्टर) असतं. बेंझोपायरिन त्याला चिकटलं की ते केंद्रकात जाऊन सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुक सुरू करतं. या विकराचं काम साधं आहे: तेलकट, न विरघळणाऱ्या रेणूला ऑक्सिजन जोडून तो पाण्यात विरघळेल असा करणं. पुढची विकरं त्याला आणखी एक शेपूट जोडतात आणि तो पित्तातून बाहेर जातो.

बहुतेक रेणूंच्या बाबतीत हे सुरळीत पार पडतं. बेंझोपायरिनचं मात्र अर्ध्या वाटेवर जे रूप तयार होतं ते मूळ रसायनापेक्षा कितीतरी घातक असतं. ते थेट डीएनएला जाऊन चिकटतं. पेशीने वेळेत दुरुस्ती केली तर ठीक, नाही तर पेशी विभागताना चूक पुढच्या पेशीत उतरते. म्हणजे बेंझोपायरिन स्वतःहून डीएनएला हात लावत नाही. त्याला विषारी करतं ते यकृतच, आपलं नेहमीचं काम चोख करताना. विद्यार्थ्यांना हे सांगते तेव्हा वर्ग थोडा वेळ शांत होतो, आणि मलाही ते दरवेळी तितकंच अस्वस्थ करतं.

दुसरा मार ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंचा. विषाशी झगडताना पेशीत असे रेणू जास्त तयार होतात आणि पेशीपटलातल्या चरबीला ते खवट करतात. त्यांना आवर घालणारी कॅटालेज, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज यांसारखी विकरं सुरुवातीला वाढतात. मारा थांबला नाही की ती थकतात आणि घटतात. त्यामुळे शोधनिबंधात ‘विकर वाढलं’ आणि ‘विकर घटलं’ असे दोन उलटे निष्कर्ष दिसले तर गोंधळू नका. एकच मासा वेगवेगळ्या टप्प्यांवर पाहिलेला असू शकतो.

स्लाइडवर हे सगळं कसं दिसतं? आधी ग्लायकोजेन संपतं आणि पेशी निस्तेज, ढगाळ दिसू लागते. मग चरबीचे थेंब साठून पेशीत पांढऱ्या पोकळ्या पडतात. पुढे केंद्रकं आकसून काळी पडतात आणि पेशी एकेक करून मरतात. रक्ताच्या वाटा फुगतात. तपकिरी-काळ्या रंगद्रव्याने भरलेल्या भक्षक पेशींचे पुंजके वाढतात. ते म्हणजे मेलेल्या पेशींचा कचरा गोळा करणारी जागा.

मग नदीत एका रात्रीत मेलेले मासे यकृत निकामी होऊन मेले असतात का?

बहुतेक वेळा नाही. मळीमिश्रित पाणी किंवा मोठ्या प्रमाणात मैला नदीत आला की तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. रात्री शेवाळ आणि पाणवनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी होतो. मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात आणि उजाडेपर्यंत तरंगू लागतात. ते गुदमरून मेलेले असतात. अशा माशाचं यकृत पाहून फार काही सांगता येत नाही, कारण मेल्यावर यकृताची ऊती विलक्षण वेगाने सडते. पित्त आणि पाचक रस तिला आतूनच पचवतात. दुपारी गोळा केलेला फुगलेला मासा माझ्याकडे कोणी घेऊन आलं, तर मला हात जोडून परत पाठवावं लागतं. वाईट वाटतं, कारण त्या माणसाने मनापासून धडपड केलेली असते.

कारखान्याचं सांडपाणी ‘माशांची चाचणी पास’ झालंय असं सांगतात. तेवढं पुरेसं नाही का?

ही चाचणी काय आहे ते आधी पाहा. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत ती आहे. सांडपाण्यात काहीही न मिसळता त्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. चाचणी उपयोगाची आहे, ती काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही. पण चार दिवसांत ती माशाला एकच प्रश्न विचारते: जगलास की मेलास? यकृतपेशीत चरबी साठायला, डीएनए बिघडायला, गाठ व्हायला लागणारा काळ महिन्यांचा आणि वर्षांचा असतो.

नदीच्या बाबतीतही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठी योग्य असलेलं पाणी ‘ड’ वर्गात येतं. त्यासाठी तीन गोष्टी बघतात: सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ४ मिलीग्रॅम, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको. कॅडमियम, कीटकनाशकं, बेंझोपायरिनसारखी डांबरी रसायनं या यादीत नाहीत. म्हणजे एखादी नदी कागदावर माशांसाठी ठीक असेल, आणि तिच्यातल्या माशांची यकृतं बिघडलेली असतील, असं सहज होऊ शकतं. नदीच्या नियमित तपासणीत वर्षातून दोनदा वीस-पंचवीस माशांची यकृतं पाहिली जावीत, असं माझं कित्येक वर्षांचं म्हणणं आहे. त्याला लागणारा खर्च फार नाही. ऊतीचे पातळ काप करणारं मायक्रोटोम, दोन रंग आणि सूक्ष्मदर्शक एवढं कोणत्याही प्राणिशास्त्र विभागात असतंच.

माशांना यकृताचा कर्करोग होतो, हे खरं का?

हो. आणि यातलं सर्वांत चांगलं, आशा वाटावी असं काम अमेरिकेत झालं आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या प्यूजेट साउंड या खाडीत इंग्लिश सोल नावाचा चपटा मासा आहे, आपल्याकडच्या लेपासारखा, चिखलात अंग पुरून बसणारा. बंदर आणि कारखान्यांच्या जवळच्या सोलमध्ये यकृताच्या गाठी आणि गाठींआधीच्या विकृती मोठ्या प्रमाणात सापडल्या. स्वच्छ भागातल्या सोलमध्ये त्या जवळजवळ नव्हत्या. गाळात अर्धवट जळलेल्या तेल-कोळशाची रसायनं जितकी जास्त, तितकी विकृती जास्त. तिथल्याच ईगल हार्बरमध्ये लाकूड टिकावं म्हणून त्याला क्रिओसोट हे डांबरी तेल लावण्याचा कारखाना होता. त्याचा दूषित तळ १९९३-९४ मध्ये स्वच्छ गाळाच्या थराने झाकला, आणि पुढच्या काही वर्षांत सोलच्या यकृतातल्या विकृती स्पष्टपणे कमी झाल्या.

ओहायोतल्या ब्लॅक रिव्हरची हकीकत मला त्याहून जवळची वाटते, कारण ती नदी आहे आणि मासा मांगुरासारखा, मिशा असलेला, तळाशी राहणारा ब्राउन बुलहेड आहे. तिथे पोलाद कारखान्याची, कोळशापासून कोक बनवणारी भट्टी होती. १९८२ मध्ये पकडलेल्या मोठ्या बुलहेडपैकी सुमारे ३९ टक्के माशांना यकृताचा कर्करोग होता. भट्टी १९८३ मध्ये बंद झाली. १९८७ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. पुढे १९९० मध्ये सर्वांत दूषित गाळ उपसला, तेव्हा तो ढवळला गेला आणि काही काळ कर्करोग पुन्हा वाढला. मात्र उपशानंतर वाढलेली पिढी तीन वर्षांची झाली तेव्हा तिच्यात कर्करोग सापडला नाही.

गाळ उपसण्याच्या योजना आपल्याकडे धडाक्यात जाहीर होतात. त्या आखणाऱ्यांनी या नदीचा हा मधला टप्पा जरूर वाचावा. दूषित गाळ कसा काढायचा, कधी काढायचा आणि काढून कुठे टाकायचा हे न ठरवता पोकलेन उतरवला, तर माशांच्या यकृतांना आणखी काही वर्षं त्याची किंमत मोजावी लागते.

मासे हळूहळू सरावत नाहीत का? निसर्ग मार्ग काढतोच म्हणतात.

काही ठिकाणी काढला आहे. अमेरिकेतल्या हडसन नदीत १९४७ ते १९७७ या काळात विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यांतून पीसीबी नावाची रसायनं सुमारे ६ लाख किलोपर्यंत गेली. तिथल्या टॉमकॉड माशात, वर सांगितलेल्या त्या ग्राही प्रथिनाच्या जनुकातली डीएनएची सहा अक्षरं गळालेली आढळली. हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. सहा अक्षरं गळाल्याने प्रथिनाला पीसीबी नीट चिकटतच नाही आणि पेशीत तो सगळा गोंधळ सुरू होत नाही.

पण याला सुखान्त म्हणायला मी तयार नाही. असा मासा अंगात भरपूर पीसीबी घेऊन धडधाकट जगतो आणि त्याला खाणाऱ्या मोठ्या माशाला ते पोचवतो. शिवाय पिढ्या भराभर येणाऱ्या आणि संख्येने प्रचंड असलेल्या माशांनाच हे जमतं. सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्यापुरता उरलेला मासा हे बदल होईपर्यंत टिकणार नाही.

भारतातलं एखादं उदाहरण आहे का?

हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं आहे. तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी येत असे. त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. स्वीडनच्या संशोधकांनी पुढे तेच पाणी ५०० पट पातळ करून त्यात रेनबो ट्राउट जातीचे मासे ठेवले. एवढ्या पातळ पाण्यातही त्यांच्या यकृतातल्या अनेक जनुकांचं काम बदललं आणि विषाशी झगडणारं ते सायटोक्रोम विकर जोरात वाढलं. मासे मेले नव्हते, पोहत होते. ‘जगला की मेला’ एवढंच मोजणाऱ्या चाचणीत ते पातळ केलेलं पाणी सहज उत्तीर्ण झालं असतं.

शेतातल्या फवारणीचा संबंध किती?

जितका वाटतो त्याहून जास्त. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं माणसाला आणि गुराला तुलनेने कमी घातक, असं दुकानदार सांगतो ते खोटं नाही. आपलं यकृत त्यांचे तुकडे झटपट करतं. माशाच्या यकृताला ते काम फार सावकाश जमतं, म्हणून आपल्याला ज्याचा त्रासही जाणवणार नाही तेवढ्यात मासा संपतो. फवारणीचा पंप ओढ्यात धुणं आणि रिकामी बाटली तिथेच फेकणं ही सवय मोडली, तरी आसपासचे ओढे बरेच वाचतील. एंडोसल्फानही माशांना अतिशय घातक होतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी देशभर त्याच्या उत्पादन, विक्री आणि वापरावर बंदी आणली.

जड धातूंचं काय?

कॅडमियम आणि तांबं यकृतात साठतात. यकृतपेशी मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन बनवून त्यांना बांधून ठेवते. ते प्रथिन पुरेनासं झालं की मोकळा धातू विकरांवर बसतो आणि नुकसान सुरू होतं. पारा यकृतात जातोच, पण त्याचं मिथाइल रूप मांसात उतरतं. त्यामुळे यकृत काढून टाकल्याने पारा जात नाही.

नर माशात मादीची प्रथिनं सापडतात म्हणे?

होय, आणि ती यकृतातच बनतात. अंड्याच्या बलकाचं प्रथिन बनवण्याचं जनुक नराच्या यकृतपेशीतही असतं, फक्त झोपलेलं. मैलापाण्यातून आलेली स्त्रीसंप्रेरकं किंवा गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्रॅडिऑल मिळालं की ते जागं होतं. इंग्लंडच्या नद्यांत हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

कॅनडात यासाठी एक आख्खं तळं वापरलं गेलं. प्रयोगासाठी राखलेल्या तळ्यांपैकी क्रमांक २६० च्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढंच एथिनिलएस्ट्रॅडिऑल राहील अशी व्यवस्था केली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांमध्ये बलकाचं प्रथिन भरमसाट वाढलं, प्रजोत्पादन कोलमडलं आणि तळ्यातला तो मासा जवळजवळ संपला. आपल्या शहरांमधला मैला किती प्रक्रिया होऊन नदीत जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नर माशाच्या रक्ताच्या एका थेंबात हे प्रथिन मोजता येतं. आपल्या मोठ्या नद्यांवर ही तपासणी नेमाने व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे.

प्लास्टिक खाल्ल्याने यकृत बिघडतं का?

जपानी मेडाका या छोट्या माशांवरचा २०१३ चा एक प्रयोग यात महत्त्वाचा आहे. काहींना स्वच्छ पॉलिथिनचे कण अन्नातून दिले. काहींना तेच कण, पण आधी सॅन दिएगोच्या खाडीत बुडवून ठेवलेले, म्हणजे तिथली रसायनं शोषून बसलेले. दोन महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या यकृतात ताणाच्या खुणा होत्या: ग्लायकोजेन घटलेलं, चरबी साठलेली, काही पेशी मेलेल्या. खाडीतल्या प्लास्टिकच्या गटात त्या जास्त होत्या. यावरून बाजारातल्या प्रत्येक माशाबद्दल घाबरून जाण्याचं कारण नाही. प्लास्टिक नुसतं पोटातून येतं आणि जातं, हा समज मात्र सोडून द्यावा लागतो.

तळ्याचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं. ते चांगलं की वाईट?

फिकट हिरवं पाणी मत्स्यशेतीत हवंच असतं. पण मैला आणि खतं उतरून पाण्यावर रंगासारखी जाड हिरवी-निळी साय धरली, तर सावध व्हा. मायक्रोसिस्टिस या जिवाणूची ती साय असू शकते. तो मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतो, आणि ते विष यकृताचंच आहे. यकृतपेशीच्या पटलावर पित्तक्षार आत घेण्यासाठी जी दारं असतात, त्यांतून ते आत शिरतं आणि पेशीचा आकार धरून ठेवणारा सांगाडा कोसळवतं. पेशी एकमेकींपासून सुटतात आणि यकृतात रक्तस्राव होतो. हे विष उकळल्याने जात नाही. अशी साय असलेल्या तळ्यावर जनावरंही नेऊ नका.

आमच्या शेततळ्यातल्या माशांचं यकृत पिवळट, फिकट निघालं. प्रदूषण आहे का?

आधी खाद्य बघा. जास्त चरबीचं किंवा गरजेपेक्षा जास्त खाद्य दिलं की यकृत पिवळट, मऊ आणि तेलकट होतं.

दुसरा संशय बुरशीचा. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट केंद्रांमध्ये यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. सगळे पाण्यात, विषाणूत कारण शोधत होते. शेवटी ते सापडलं खाद्यातल्या सरकीच्या पेंडीत. पेंडीला लागलेल्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन आलं होतं. ट्राउट या विषाला फार हळवा आहे, आपले रोहू-कटला तेवढे नाहीत. तरी आपल्याकडे शेंगदाण्याची आणि सरकीची पेंड, भाताचा कोंडा हेच सर्रास खाद्य असतं, आणि पावसाळ्यात पोत्यांना ओल लागतेच. पोती जमिनीवर नको, फळ्यांवर ठेवा. कुबट वास आला तर ते पोतं टाकून द्या. माशांना नको म्हणून गुरांनाही घालू नका, कारण ते दुधात उतरतं.

मासा खायचा की नाही, ते स्पष्ट सांगा.

खायचा. माझ्या घरी आठवड्यातून दोनदा असतो. फक्त कुठला आणि कुठला भाग, याचा विचार करा.

कारखान्यांच्या नाल्याखालचा, रंगीत किंवा रॉकेलसारखा वास येणाऱ्या पाण्यातला मासा घेऊ नका, फुकट मिळाला तरी. मासळी मेलेली दिसल्यावर तीच उचलून बाजारात आणली जाते, त्या दिवसांत नदीचा मासा टाळा. यकृत, आतडं, पित्त काढून टाका. चरबीत साठणारी रसायनं यकृतात आणि पोटाच्या तेलकट भागात जास्त असतात. शिजवल्याने धातू किंवा पीसीबी नाहीसे होत नाहीत. गरोदर बाई आणि लहान मुलांना मोठे शिकारी मासे कमी द्या. मांदेली, बोंबील, बांगडा यांसारखे आयुष्य कमी असलेले छोटे मासे बरे.

डांबरी रसायनांच्या बाबतीत मासा आपल्यासाठी एक चांगलं काम करतो. तो ती यकृतात फोडून पित्तात टाकतो, म्हणून मांसात ती फार साठत नाहीत. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा जहाजाची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हाही हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. अशा वेळी माशाने तेल पचवलंय का हे तपासायची उत्तम जागा म्हणजे त्याचं पित्त. शिंपल्या आणि कालवांना हे फोडणं जमत नाही, त्यामुळे तेल सांडल्यावर त्या जास्त दिवस टाळाव्या लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. मधुमेहावर किंवा डोळ्यांसाठी औषध म्हणून रोहूचं कच्चं पित्त गिळणारे लोक आहेत. कृपया कोणालाही हे करू देऊ नका. त्यातल्या पित्तक्षाराने माणसाची मूत्रपिंडं आणि यकृत काही दिवसांत बंद पडतात. स्वच्छ पाण्यातल्या माशाचं पित्तही तितकंच घातक असतं.

बिघडलेलं यकृत सुधारतं का?

बऱ्याच अंशी. यकृतपेशींना पुन्हा वाढायची ताकद असते. ग्लायकोजेन परत भरतं, साठलेली चरबी उतरते, विकरं पूर्वपदावर येतात. त्यासाठी काही आठवडे स्वच्छ पाणी मिळायला हवं. ज्या पेशींचा डीएनएच बदलला, त्यांचे पुंजके मात्र राहतात.

मासे न मारता हे तपासता येत नाही का?

बरंच येतं. यकृतपेशी वेगळ्या करून बशीत वाढवता येतात. ट्राउटच्या यकृतापासून बनलेली पेशीमाला (सेल लाइन), म्हणजे बशीत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, जगभर वापरली जाते. सपाट बशीत ताज्या यकृतपेशी काही दिवसांत आपलं काम विसरतात, पण त्यांचे छोटे गोळे बनू दिले तर त्या महिनाभरही टिकतात. माशाचं यकृत एखादं रसायन किती वेगाने फोडतं हे गोठवलेल्या ट्राउट यकृतपेशींवर मोजण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये मान्य केली. कल्ल्यांच्या पेशींवरची विषचाचणी २०२१ मध्ये आली. भारतात लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोमध्ये माशांच्या पेशीमालांचं राष्ट्रीय भांडार आहे आणि आपल्या माशांच्या पेशीमाला तिथे मिळतात. तरीही बशीतल्या पेशीला ऋतू, भूक, वीण यांतलं काही ठाऊक नसतं. नदीचं म्हणणं ऐकायचं तर अधूनमधून नदीतला मासा पाहावाच लागतो.

महाविद्यालयीन प्रकल्पासाठी आम्हाला आमच्या नदीवर हे काम करायचं आहे. सुरुवात कशी करावी?

आधी मार्गदर्शकांकडून संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्या. मासा तळाशी राहणारा आणि फार लांब न फिरणारा निवडा. चिलापी सगळीकडे मिळते, पण ती इतकी चिवट आहे की सुरुवातीचे परिणाम तिच्यात उशिरा दिसतात. मासा जिवंत हवा. त्याला नियमाप्रमाणे बेशुद्ध करून, वजन-लांबी घेऊन, यकृत लगेच काढा आणि वजन करा. यकृताच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागून शंभराने गुणलं की यकृत निर्देशांक मिळतो. मग अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नसलेले तुकडे करून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये टाका. मासा मेल्यापासून तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडेपर्यंत पाच मिनिटं, त्याहून जास्त नको. रात्री बाजारातून आणून फ्रिजमध्ये ठेवलेल्या माशाच्या स्लाइड माझ्यापर्यंत पोचतात, आणि त्यात पेशी मेलेल्या असतात त्या बर्फाने.

नर-मादी, महिना, पोट भरलेलं होतं की रिकामं, कृमी होते का, हे प्रत्येक माशासमोर लिहा. विणीच्या दिवसांत मादीचं यकृत आपोआप मोठं आणि वेगळं दिसतं. तसं यकृत ‘विषबाधित’ म्हणून छापलेलं मी पाहिलं आहे. स्लाइड तपासणाऱ्याला कुठला मासा कुठल्या ठिकाणचा ते कळू देऊ नका, नुसते क्रमांक घाला.

आणि पहिला नमुना नाल्यावर घेऊ नका. गावाच्या वर, जिथे अजून काही मिसळलेलं नाही तिथे जा, आणि तिथले वीस मासे आधी पाहा.